दोघांनी मिळून धरलेली गळाची काठी

मित्रांनो, जरा मान वर करा. कपडे धुण्याच्या यंत्राच्या वर, दोन खिळ्यांवर आडवी पडली आहे ना, ती मी. नदीतल्या ट्राउट माशांसाठी केलेली एक हलकी, जुनी गळाची काठी. माझ्या मुठीखाली लटकलंय ते लहानसं रीळ माझा जन्माचा सोबती. त्याला फक्त करकरता येतं, म्हणून आमच्या दोघांचं मीच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. काळ्या धाग्यांचं कापड पोलादी सळीभोवती घट्ट गुंडाळलं, भट्टीत भाजलं, सळी ओढून काढली, आणि आतून पोकळ, वर निमुळती अशी मी उरले. एका बाईने माझ्या अंगावर लहान लहान कड्या दोऱ्याने बांधल्या. बांधता बांधता ती सारखी शिंकत होती, एवढंच मला तिचं आठवतं. मग बुचाची मऊ मूठ बसली आणि मी टास्मानियातल्या डेलोरेन गावी, डेसच्या दुकानात येऊन उभी राहिले.

तिथे माझे दिवस काही सुखाचे गेले नाहीत. येणारा प्रत्येक जण मला उचलून गदागदा हलवायचा, मोठ्या जाणत्या चेहऱ्याने "हं" म्हणायचा, आणि शेजारची जाडजूड काठी घेऊन चालू लागायचा. त्या गावची खोडच ती. मासे धरायचे घरामागच्या नदीत, आणि काठी घ्यायची ती डोंगरावरच्या तळ्यातल्या धुडासाठी, जे त्यांच्या गळाला कधी लागणार नसतं. मला फार वाईट वाटायचं. नदी नुसती ऐकून माहीत होती, दुकानाच्या मागच्या दारातून तिचा आवाज यायचा.

एके दिवशी मर्ल आली. साठी उलटलेली, ठेंगणी, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर. डेस आणि ती शाळेत एका वर्गात होती.

"नेव्हिलसाठी काठी हवीय," ती म्हणाली. "चकतीची."

डेसने हातातला चहाचा मग खाली ठेवला. त्याचंही बरोबर होतं. मर्लचा नवरा नेव्हिल म्हणजे गावातला नावाजलेला माशीवाला. पिसांची नकली माशी पाण्यावर अलगद सोडून मासे धरणारी ही मंडळी. गळ लावलेली चकाकती चकती पाण्यात टाकायची आणि रीळ फिरवून ओढायची, या आमच्या पद्धतीला ते हिंग लावून विचारत नाहीत. पण माशीच्या काठीला दोन्ही हात सारखे लागतात, आणि नेव्हिलची उजवी बाजू त्या वर्षी अर्धांगाने गेली होती.

"मर्ल, तो ही काठी माझ्या डोक्यात घालेल."

"घालू दे. निदान हात तरी हलेल." मग ती जरा पुढे सरकली. "डेस, तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतो. खिडकीतून नदी दिसते म्हणून. मला माझा माणूस परत हवाय. ती जाड काठी दे, भक्कम आहे."

"जाणार कुठे आहात?"

"आपल्या नदीवर. विलोच्या झाडांखाली."

"मग ती जाड, लांब काठी फांद्यांत अडकवून रडत बसशील. तिथला मासा काय वासराएवढा असतो?" असं म्हणून डेसने मला काढलं. आधी एक मोठं रीळ लावून बघितलं. माझी मूठ धाडकन खाली गेली. "बघ, असं असलं की मनगट भरून येतं." मग त्याने हे लहानगं रीळ लावलं आणि मला एका बोटावर आडवं ठेवलं. मी डगमगले नाही. "दोर बारीक भरून देतो. जाड दोर असला की हलकी चकती पुढे जातच नाही."

मर्लने मला हातात घेतलं. "अगं बाई, ही तर काहीच नाही वजनाला."

मित्रांनो, माझी इतकी स्तुती तोवर कुणी केली नव्हती.

नदीवर मात्र सगळं फिसकटलं. नेव्हिलला घडीच्या खुर्चीवर बसवलं, डाव्या हातात मला दिलं. फेक त्याने एका हाताने झकास साधली, चकती समोरच्या खडकापाशी जाऊन पडली. पण रीळ फिरवायचं कुणी? उजवा हात मांडीवर पडून राहिला. चकती तळाला जाऊन गवतात रुतली. नेव्हिलने मला काट्यांच्या झुडपात भिरकावलं.

"आयुष्यभर या लोकांना हसलो, आता तेही जमत नाही मला. घरी चल."

मर्लने मला झुडपातून सोडवलं तेव्हा तिच्या हातांना ओरखडे पडले होते. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सगळा संसार मी इथे, या गाडीतच बसून काढला, नेव्ह. तू पाण्यात, मी थर्मास घेऊन गाडीत. एकदा तरी म्हणालास, ये म्हणून?"



पुढे कितीतरी दिवस मी दाराआड उभी होते. मग एका सकाळी मर्ल मला घेऊन परसात आली. गवतात तामचिनीचं घमेलं ठेवलं आणि त्यात चकती टाकायचा सराव सुरू केला. तिची फेक कशी होती ते विचारूच नका. पहिल्यांदा कोंबड्यांच्या जाळीत, मग वाळत घातलेल्या कपड्यांत. नेव्हिलचा लांब पायजमा आम्ही गळाला लावून पार जमिनीवर ओढला. रीळ तर लाजेने करकरायचंही विसरलं.

तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडली. नेव्हिलने खुर्ची फिरवली होती.

"खांदा कशाला फिरवतेस? गवत कापतेयस का? मनगट वापर."

"हे काय मनगटच आहे."

"ते मनगट? आणि दोर केव्हा सोडतेस? माझा पायजमा माशासारखा वर येऊन तुझ्या गळाला लागणार नाहीये."

"लागला की मघाशी. तुझ्यापेक्षा हलका निघाला."

नेव्हिल हसला. कितीतरी दिवसांनी हसला असेल, कारण मर्लचे हात तिथेच थांबले. मग ती म्हणाली, "आत बसून नुसतं तोंड चालवू नकोस. मी फेकते. तू ये आणि फिरव."

तो चालायची काठी टेकत, पाय ओढत आला आणि तिच्या उजव्या अंगाला बसला. रिळाची मूठ डावीकडे होती, त्याच्या हाताला लागेना. मर्ल डेसकडे धावत गेली. डेसने एक खिळी सैल केली, मूठ काढून उजवीकडे बसवली आणि पैसे घ्यायचं नाव काढलं नाही. संध्याकाळपर्यंत ते दोघं घमेल्याशी भांडत होते. ती फेकायची, तो डाव्या हाताने ओढायचा.

ऑगस्टमध्ये, आमच्याकडचा हिवाळा सरता सरता, मासेमारीचा हंगाम उघडला तेव्हा पहाटे गारठा मी म्हणत होता. विलोंखाली दोघं खुर्च्यांना खुर्च्या लावून बसली. मर्लने मला झुलवलं, चकती खडकाच्या सावलीत पडली, नेव्हिलने सावकाश रीळ फिरवायला घेतलं. आणि माझा शेंडा खाली वाकला. मित्रांनो, तो धक्का मी कसा सांगू? आम्हाला ज्यासाठी घडवलं ते हेच, असं माझ्या अंगाअंगाला कळलं.

"ओढू नकोस," मर्ल म्हणाली.

"तू मला शिकवणार? काठी वर धर."

"धरलीय. तू जरा सैल सोड."

"सोडलं. आता माझ्याकडे झुक, मला हात पुरत नाही."

ती झुकली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला टेकला आणि मासा काठाला येईपर्यंत तिथेच राहिला. मासा तपकिरी होता, लाल ठिपक्यांचा, मर्लच्या हातभर. दुपारी त्यांनी तो लोण्यात परतून खाल्ला. माझ्यावरचं पाणी तिने जुन्या टॉवेलने पुसलं. लहान मुलाचं डोकं पुसावं तसं पुसलं.

त्यानंतरचे आमचे हंगाम एकामागून एक असेच गेले. माशीवाले मित्र काठावरून टोमणे मारायचे. "नेव्हिल बाटला रे." नेव्हिल म्हणायचा, "तुमची बायको घरी बसलीय. माझी इथे आहे."

मग एका हिवाळ्यात नेव्हिल गेला.

तेव्हापासून मी या खिळ्यांवर आहे. मर्ल मला टाकून देत नाही, तसं म्हणाल तर पाप लागेल. दर रविवारी पुसते. रिळात तेलाचा थेंब सोडते, मूठ एकदा फिरवून बघते, आणि तिचा हात तिथेच थोडा वेळ राहतो. एकाने मला विकत मागितलं तर तिने दार लावून घेतलं. ती अजून नदीवर जाते, पण एकटी, मला न घेता. परत आली की ओले बूट माझ्याखाली काढून ठेवते. त्यांना नदीचा वास असतो, शेवाळाचा, गार दगडांचा. रात्रभर मी तो वास घेत असते. मला इतकं जायचं असतं, मित्रांनो, की कधी कधी वाटतं, जरा वाकले तर खिळ्यावरून सुटेन.

पण सुटून काय करू? एकटीने मला घेऊन जावं असं तिला वाटत नाही. रिळाची मूठ परत डावीकडे घेतली की तिला एकटीला मासा धरता येईल, डेसला चुटकीसरशी जमेल. ती तसं करत नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाची तरी वस्तू अशी टांगलेली असेल. रोज पुसलेली, कुणी हात न लावलेली. तेलपाणी मिळतं, पण आम्हाला त्याने जगल्यासारखं वाटत नाही. आम्हाला काम द्या. झिजलो तर झिजू.

आणि कधी डेलोरेनला आलात, तर मर्लच्या दारावर टकटक करा. मासेमारी येत नसली तरी चालेल. मला खिळ्यावरून काढा, तिच्या उजव्या अंगाला बसा आणि एवढंच म्हणा, "मर्ल, तू फेक. मी फिरवीन."