फळ्यांखालचं पिवळं पाणी

शुक्रवारी सकाळी नऊला नंदिता चेन्नईतल्या अंबत्तूरच्या, क्रोम-निकेलचा मुलामा देणाऱ्या घरच्या कारखान्यात पोचली, तेव्हा दारात कोलमची रांगोळी रेखलेली होती, टाक्यांना हळदकुंकू लागलं होतं, आणि तिचे सासरे व्यंकोजीराव धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, हातात रबरी नळी धरून, घरी बारसं असावं तसे हसत होते.

"बघ गे," ते म्हणाले, "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा टाक्यांभोवतीच्या फळ्या उचलल्या. पार खालपावेतो धुतलं. अधिकारी यायचे आहेत. पाहुण्याला घाण दाखवायची?"



"सगळ्या फळ्या, मामंजी?"

"सगळ्या. पहाटे पाचपासून लागलोय. वेंकोबा हात लावीना, मग मीच."

"आणि ते पाणी?"

"जायचं तिथं गेलं की. हौदात."

ती तशीच मागच्या बाजूला धावली. कारखान्यातलं सगळं सांडपाणी आधी या हौदात यायचं आणि मग नळातून रस्त्याच्या गटारात. काल घरी निघताना तिनं इथूनच बाटली भरून पाहिली होती, तेव्हा पाण्यातून बाटलीच्या तळाशी धरलेलं बोट दिसत होतं. आज हौद हळद कालवल्यासारखा पिवळाधमक होता. क्रोम. एकोणीस वर्षं दांड्या टांगलेले रॅक या टाकीतून त्या टाकीत नेताना फळ्यांच्या फटींतून जे थेंबथेंब गळलं आणि खाली वाळून बसलं, ते सगळं व्यंकोजीरावांनी भक्तिभावानं खरवडून इथं आणून सोडलं होतं.

तिनं पळत जाऊन हौदाच्या तोंडाचा वॉल्व्ह आवळला. दोन्ही हातांनी. किती गेलं असेल कोण जाणे.

साडेदहाला अधिकारी येणार होते. मार्चमधल्या नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं, की तीन महिन्यांनी हौदातल्या पाण्याचा नमुना पुन्हा घेऊ आणि तो बिघडलेला निघाला तर वीज तोडू. वीज तुटली की अकरा माणसांच्या हातांना काम नाही. आणि व्यंकोजीरावांच्या हातांना तर दुसरं काहीच येत नव्हतं. दुचाकीच्या आरशांच्या दांड्यांना चांदीसारखी झळाळी आणणं, एवढंच आयुष्यभर केलेलं.

नंदिता मूळची मिरजेची. रसायनशास्त्र शिकलेली, लग्न होऊन या तंजावरी मराठी घरात आली. नोटीस आली तेव्हा तिची मुलगी हरिप्रिया, घरात सगळ्यांची 'पापा', म्हणजे बाळ, चार महिन्यांची होती. तिला सासूबाईंच्या, सकवारबाईंच्या, मांडीवर टाकून नंदिता रोज सकाळचे तीन तास इथं येऊ लागली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की घाण झाल्यावर धुण्यापेक्षा ती होऊच देऊ नये. रॅक टाकीतून उचलला की टाकीवरच धरायचा, दहापर्यंत मोजायचं, अंगावरचं महागडं पाणी टाकीतच निथळू द्यायचं. मग ओळीनं तीन टाक्यांत विसळायचं. ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत घालायचं, तिथलं मधलीत, मधलीतलं पहिलीत. आणि पहिलीतलं सगळ्यात मळकं पाणी पुन्हा निकेलच्या गरम टाकीत, कारण तिथलं रोज वाफेनं उडून जायचं.

"रॅक लोंबता धरून काय करायचं?" व्यंकोजीराव तेव्हा म्हणाले होते. "निकेलला अंगाई म्हणायची?"

पण दिवसाला एक तण्णी लॉरी, पाण्याचा टँकर, लागायची ती चार दिवसांनी लागू लागली. त्या उन्हाळ्यात आख्खं चेन्नई रंगीत घागरी घेऊन लॉरीची वाट बघत होतं. त्यामुळे ते गप्प बसले. पटलं मात्र नव्हतं. त्यांच्या लेखी स्वच्छ म्हणजे धो धो पाणी.

फाटकाशी हॉर्न वाजला. आजचीच लॉरी.

"सुटलो!" व्यंकोजीराव म्हणाले. "ओत म्हणतो हौदात अख्खी लॉरी. पिवळं राहतंय कुठं!"

"नको, मामंजी."

"का गे? सगळे तेच करतात."

"पातळ केलं म्हणून ते नाहीसं होणार आहे का? तेवढंच विष, जास्त पाण्यात. शेवटी जाणार गटारात, गटारातून तळ्यात." तिचा आवाज चढला. "आणि आपल्या घरच्या बोअरला पाणी कुठून येतं? सकाळी मी पापाला कशानं आंघोळ घातली?"

वेंकोबा, त्यांचा सगळ्यात जुना कारागीर, हातातला रॅक तसाच धरून ऐकत उभा राहिला. व्यंकोजीरावांनी नळी खाली ठेवली.

"मग काय करतीस? नोटीस तुला कळते, मला कळत नाही?" ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुझी शाळा पुढच्या आठवड्यात घे. आज कारखाना वाचव."

 नंदितानं लॉरीवाल्याला थांब म्हणून खूण केली आणि पंप ओढत आणला. मागं सात रिकामी पिंपं होती. सात पिंपांत हौदाचा अर्धाही भाग मावला नाही. दहा वाजून गेले. छाती दगडासारखी झाली होती, ब्लाउज ओला व्हायला लागला. पापाची प्यायची वेळ. तिनं पदर दोनदा लपेटून घेतला. घरी या वेळी पापा दाराकडे बघत असेल. संध्याकाळ असती तर आजोबांनी उचललं असतं. तेही लगेच नाही. आधी समोर उकिडवे बसून सातही लाडाची नावं, एकेक, सावकाश, घेतल्याशिवाय ते तिला उचलतच नसत, आणि ती पोर तोवर हात पसरून ताटकळत राही.

साडेदहाला पाच कमी असताना अधिकारी आले. पन्नाशीचे, किडकिडीत, हातात बर्फाचा डबा आणि बाटल्या. चहा नको म्हणाले. थेट मागं गेले आणि हौदाशी उभे राहिले.

पिवळं पाणी. अर्धा हौद. शेजारी सात पिवळी पिंपं. फाटकाशी भरलेली लॉरी.

त्यांनी लॉरीकडे बघितलं, मग नंदिताकडे. काय समजायचं ते समजले असावेत.

नंदितानं तोंड उघडलं, तेवढ्यात व्यंकोजीराव तिच्या पुढं आले आणि भराभर तमिळमध्ये बोलू लागले. दोन वर्षांच्या तमिळमध्ये तिला निम्मंच कळे. आता हे सांगतील, सुनेनं केलं, नाहीतर पाइप फुटला. 'वेळ्ळिक्किळमै', शुक्रवार, एवढं तिला कळलं. मग फळ्या. मग त्यांनी स्वतःच्या छातीवर हात मारला. "नान दान." मीच. ते परत म्हणाले, "नान दान, सार," आणि लॉरीकडे बोट करून, मान खाली घालून, आणखी काहीतरी.

"काय सांगितलंत?" तिनं कुजबुजत विचारलं.

"हेच. की मी ओतायला निघालो होतो, आणि सुनेनं ओतू दिलं नाही."

अधिकाऱ्यांनी खाली बसून वॉल्व्ह हलवून पाहिला. घट्ट होता. त्यांनी हौदातली एक बाटली भरली. मग आत येऊन म्हणाले, काम चालू करा. वीस मिनिटं ते विसळायच्या तिसऱ्या टाकीशी उभे राहिले, तिथली दुसरी बाटली भरून उजेडात धरली. पलीकडची खिडकी बाटलीतून स्वच्छ दिसत होती.

"अम्मा," ते पहिल्यांदाच तिच्याशी बोलले, हळू, तिला कळेल अशा तमिळमध्ये. "हौदाचा नमुना नापास होणार. मी तो लपवू शकत नाही. पण पाणी गटारात जाताना दिसलं नाही, तेही लिहीन. हौदातलं पाणी गाडीनं शुद्धीकरण केंद्रात पोचवा. पंधरा दिवस वीज राहील."

आणि त्यांनी वॉल्व्हभोवती तार गुंडाळून शिशाचं सील दाबलं.

"पंधरा दिवसांनी हे असंच दिसलं पाहिजे. तुटलं, की बंद."

ते गेले.  नंदिताला हळूहळू उलगडत गेलं. पंधरा दिवस गटारात जायला एका थेंबालाही वाट नव्हती. आत जे येईल ते आतच राहणार. फरशी धुणं बंद. चूक बंद.

लॉरीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला.

"दोनच पिंपं पाणी दे म्हणावं," व्यंकोजीराव म्हणाले. "बाकी परत ने."

आत वेंकोबानं सवयीनं रॅक क्रोमच्या टाकीतून उचलला आणि झपकन वळला. नगावर मजुरी घेणारा माणूस, घाईतच. वाटेत पिवळे थेंब टपकले.

"ए! थांब!" व्यंकोजीरावांनी तो रॅक त्याच्या हातातून घेतला आणि परत टाकीवर धरला. जड होता.  नंदिता दहा आकड्यांची वाट बघत राहिली.

"कण्णम्मा," ते हळूच म्हणाले. एक धार गळाली. "चेल्लम." धारेचे थेंब झाले. "तंगम... पट्टू... चिट्टी..."

वेंकोबा हसला. ते नाही हसले.

"बाळाबाई..." थेंब आता थांबून थांबून पडत होते. शेवटचं नाव घ्यायच्या आधी त्यांनी रॅकच्या टोकाकडे नीट बघितलं, तिथं एक थेंब अजून लोंबत होता. तो टाकीत पडेपर्यंत ते थांबले.

"राजसबाई," म्हणाले, आणि मग रॅक पुढं नेला. "जा गे आता घरी. पोर ताटकळली असेल."