थकू नका

"तीन शुक्रवार दराकेचा डोंगर चढायचा. घाम गाळा, मन आपोआप हलकं होतं," फल्लाही बाई म्हणाल्या. त्या आम्हाला इथे तेहरानच्या कॉलेजात व्यायाम शिकवतात आणि हजेरी भरली नाही तर खुशाल नापास करतात. मन हलकं होवो न होवो, मी गेले.

पहिले दोन शुक्रवार पाय दुखले, बाकी काही नाही. पगाह गेल्याला चार महिने झाले, मला एकदाही रडू आलेलं नाही. भूक लागते, झोप लागते, परीक्षाही दिली. आपलं मनच मेलं की काय, एवढीच भीती वाटायची, आणि तीही अर्धवट.

पगाह माझी होस्टेलमधली रूममेट. जूनमध्ये तेहरानवर बॉम्ब पडायला लागले तेव्हा ती जीव वाचवायला किर्मानशाहला आईकडे गेली, आणि नेमकं तिथलंच घर बॉम्बनं पडलं, तिच्यासकट. निघताना दारातून ओरडली होती, "ए आळशी म्हशे, थकू नकोस!" हे डोंगरावरचं बोलणं. वाटेत भेटेल त्याला "थकू नका" म्हणायचं, समोरच्यानं "जगत राहा" म्हणायचं. मी पांघरुणातून तोंडही बाहेर काढलं नव्हतं.

तिसऱ्या शुक्रवारी वाटेवर ही गर्दी. "थकू नका!" "जगत राहा!" "थकू नका!" "जगत राहा!" शंभर परक्यांना मी पोपटासारखं म्हणत गेले. आपलं काय जातंय?

वरच्या चहाच्या टपरीवर बाईंची सही घेतली आणि उतरायला लागले. एका वळणावर काठी टेकत एक आजोबा वर येत होते.

"थकू नकोस, पोरी!"

मी तोंड उघडलं. "जगत राहा" एवढंच तर म्हणायचं होतं. जिला म्हणायला हवं होतं, तिला एकटीलाच मी म्हटलं नव्हतं.

"थकलेय," मी म्हणाले.

डोंगरावर असं कुणी म्हणत नाही. आजोबा चपापले.

"मग बस की!" ते म्हणाले आणि स्वतःही धोंड्यावर टेकले. "मी तर खालच्या पुलापासूनच थकलोय. पण सांगतो कुणाला!"

पिशवीतून काकडी काढून त्यांनी उभी चिरली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. मी चावा घेतला. खारट लागली.

"अगं थांब, हावरट! मीठ लावायचं राहिलंय अजून," आजोबा म्हणाले.

मी गालाला हात लावला. ओला होता.