स्वयंपाकघरातला आवाज

आईला जाऊन बावीस दिवस झाले. आज सकाळपासून बाबांनी एकच धोशा लावला होता, "तिचा आवाज लाव." मी हो हो म्हणत लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून बसले होते. तो आवाज बहुधा मीच पुसलाय, हे सांगायला तोंड उघडत नव्हतं.

माझं कामच ते. स्टुडिओत मी लोकांचे आवाज साफ करते. खोकला, खुर्चीची करकर, मागे कुणी बोललेलं, सगळं कापायचं आणि फायनल झालं की कच्चं रेकॉर्डिंग उडवायचं. गेल्या वर्षी बाबांच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या तेव्हाही हाताने सवयीने तेच केलं. बाबांनी तीस वर्षं बस चालवली, गोष्टींना तोटा नाही. नातवंडांसाठी राहतील म्हणून अकरा रविवार त्यांच्यापुढे माइक ठेवला. अकराही रविवार आई स्वयंपाकघरातून मध्ये बोलली. "चाळीस कुठले? तीनच प्रवासी होते!" "ब्रेक फेल नव्हता झाला, तुम्हीच हँडब्रेक विसरलात!" मी तिला प्रत्येक ठिकाणी कापलं, सांधासुद्धा कळणार नाही असं. वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. शहाणी मी!

कॅमेरा दिसला की आई तोंड मिटून घ्यायची, त्यामुळे व्हिडिओंत ती नुसती हसते. हार्ड डिस्क दोनदा पालथी घातली. स्टुडिओतल्या मित्राला तीन फोन केले.

"अगं, कच्चं आपण ठेवतो का कधी?" तो म्हणाला. "तुलाच माहीत आहे."

माहीत होतं, म्हणून तर जीव थाऱ्यावर नव्हता. उठत होते, पाणी पीत होते, पुन्हा तेच फोल्डर उघडत होते.

शेवटी बाबांनी स्वतःच हात पुढे करून घाटातली गोष्ट लावली. ऐकता ऐकता त्यांनी बोट वर केलं. "इथे ती बोलली होती." थोड्या वेळाने पुन्हा बोट. "इथेही." मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, मी कापलं," मी म्हटलं. "सगळीकडचं."

ते बराच वेळ टेबलावरचा डाग नखाने खरवडत राहिले. "म्हणजे माझ्या थापा राहिल्या," ते म्हणाले, "आणि तिचं खरं गेलं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.

ज्यावर रेकॉर्डिंग केलं होतं तो माझा जुना फोन मी पुन्हा चार्जिंगला लावला. सकाळी तो चाळला होता, पण एक फाईल सोडली होती: पहिल्या रविवारची माइकची चाचणी. अठरा सेकंदांची. साफ करायच्या लायकीची नव्हती, म्हणून वाचली होती. दोनदा भलतीकडेच दाबलं.

"एक, दोन, तीन," बाबांचा आवाज. "कुठून सुरू करू? त्या पावसातल्या फेरीपासून?"

"पाऊस कुठला, कडक ऊन होतं!" लांबून आई. मागे भांडं आपटल्याचा आवाज.

मग मी, वैतागलेली. "आई, जरा गप्प बसशील का? सगळं खराब होतंय."

"बरं बाई. आता एक शब्द बोलणार नाही."

फाईल संपली. माझ्याने मान वर करवेना.

बाबांनी खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली. "ऊनच होतं," ते म्हणाले. "लाव परत."