टाकीपासूनचं अंतर

विज्ञानाच्या बाईंनी सातवीतल्या ठिणगीचा वर्तुळालेख भिंतीवर लावला आणि म्हणाल्या, "सुबक झालाय."

चाळीस घरांचे नळ तिने तपासले होते. चौतीस ठिकाणी क्लोरीन पुरेसं, सहा ठिकाणी जवळजवळ नाहीच. चौतिसांचा निळा भाग ऐसपैस पसरलेला, सहांचा लाल तुकडा अंग चोरून बसलेला. त्या सहांत मावशीचं घर होतं, आणि मावशीची दोन्ही पोरं महिनाभर पोट धरून होती. उद्या प्रदर्शनाला पाणीखात्याचे साहेब येणार, तो निळा रंग बघून मान डोलावणार आणि चहा पिऊन जाणार. ठिणगीला हे अजिबात मंजूर नव्हतं.

घरी येताच तिने नवा कागद पसरला. घरांच्या नंबरांप्रमाणे ठिपके मांडून रेषेने जोडले.

"बेडूक उड्या मारतोय का गं?" बाबांनी विचारलं. ते प्लंबर; हातातला पाना अजून खाली ठेवला नव्हता.

"क्लोरीन आहे ते. बारा नंबरला चांगलं, तेराला गायब, चौदाला परत हजर. काही कळेना."

"अगं शहाणे, पाणी काय घरांचे नंबर वाचत येतं? बारा-चौदा पुढच्या लाइनवर. तेरा मागच्या गल्लीतल्या लाइनवर."

ठिणगी कागद उलटा करून म्हणाली, "सांगा, मागच्या लाइनवर टाकीपासून आधी कोणाचं घर?"

बाबा सांगत गेले, ती अंतराप्रमाणे मांडत गेली. पहिले पाच ठिपके वर, पुढचे सहा थेट तळाला.

"मधे जुना व्हॉल्व्ह आहे," बाबा म्हणाले. "अलीकडे शिवणकामवाल्या काकू, पलीकडे किल्लीवाले आजोबा. त्यांचं पाणी?"

"तपासलंच नाही."

"मग अंदाजाने मार की रेघ. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना."

क्लोरीन तपासायच्या पट्ट्यांची डबी घेऊन ती निघालीसुद्धा. काकूंच्या नळाखाली पट्टी जांभळी झाली, म्हणजे क्लोरीन होतं. आजोबांच्या नळाखाली पांढरीच राहिली. तिने पुन्हा दुसरी बुडवून पाहिली, तीही पांढरीच.

दुसऱ्या दिवशी साहेब चहाचा कप हातात घेऊन वर्तुळालेखापाशी हसले आणि पुढे निघाले. ठिणगी त्यांच्या वाटेत कागद धरून उभी राहिली. त्यांनी ठिपके एकदा पाहिले, मग चष्मा लावून पाहिले.

"बिघाड या व्हॉल्व्हपाशीच दिसतोय. नोंद करून घेतो."

"नोंद नंतर करा, साहेब," ठिणगी म्हणाली. "इथून सात मिनिटांवर आहे. पट्ट्या मी घेतल्यात."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.