पोटात तुटलेला बोल्ट

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. तिगावजवळ गुणवंताच्या संत्र्याच्या बगीच्यात, विहिरीच्या कडेला टिनाच्या खोलीत माझा मुक्काम आहे. मी थोडा कुरकुऱ्या स्वभावाचा आहे, पण सांगेन ते खरंच सांगेन.

गुणवंताच्या वडिलांनी, रघुनाथरावांनी, मला बैलगाडीतून आणलं आणि हळदकुंकू लावून विहिरीवर बसवलं. तीनशे झाडं मी पाणी पाजून मोठी केली. घरी पाहुणे आले की रघुनाथराव आधी मला दाखवायचे, मग नातवंडांना. तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

पुढे विजेची मोटर आली आणि मी सामान ठेवायच्या फळीच्या लायकीचा उरलो. आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांना मोरचूद आणि चुना लावतात. गुणवंता मोरचुदाच्या निळ्या पाण्याची बादली नेमकी माझ्या डोक्यावर ठेवायचा. पाणी हिंदकळायचं, बोल्टांच्या कडेने आत झिरपायचं. मोरचूद लोखंड खातं. त्याची बायको सुचिता दरवर्षी म्हणायची, "अहो, खाली ठेवा न ते." तो हो म्हणायचा आणि विसरायचा.

यंदा मे महिन्यात गावची विजेची डीपी जळाली आणि मोटर बंद पडली. झाडांवर लिंबाएवढी फळं होती, ऊन आग ओकत होतं, फळं गळू लागली. तेव्हा कुठे गुणवंताला माझी आठवण झाली. पण मला सुरू करताच हेडखालून, म्हणजे माझ्या डोक्यावरच्या झाकणाखालून, पाणी गळू लागलं. आतली पॅकिंग गेली होती. पांढुर्ण्याहून मोतीराम मिस्त्री आला. पाना हातात घेण्याआधी त्याने एकच गोष्ट विचारली.

"भाऊ, यावर काही सांडलं होतं काय? खरं सांग."

"काही नाही सांडलं. तू खोल न लवकर, बगीचा सुकून राहिला."

दारात उभ्या सुचिताने नवऱ्याकडे पाहिलं. मला असा राग आला! पण लोखंड बोलणार कसं?

हेडचे बोल्ट गंजून घट्ट बसले होते, म्हणून मोतीरामने पान्याला पाइप लावून जोर दिला. एक बोल्ट वरच तुटला. दुसरा पार आत, माझ्या पोटात तुटला.

"तोडले न दोन बोल्ट! असा मिस्त्री असते काय?" गुणवंता ओरडला.

मोतीरामचा चेहरा उतरला. तेव्हा सुचिताला राहवलं नाही. "त्याईची चूक नाही. सांगा न आता तरी."

गुणवंता खाली पाहत म्हणाला, "मोरचूद सांडत होतं. मीच बादली ठेवत होतो. लाज वाटली म्हणून नाही सांगतलं."

"पहिलेच सांगतलं असतं तर एक रात्र तेलात भिजू दिलं असतं," मोतीराम म्हणाला. "जोर केलाच नसता मी."

मला गाडीत टाकून पांढुर्ण्याला नेलं. वरच्या तुकड्यावर मोतीरामने नट वेल्ड केला आणि थोडं इकडे, थोडं तिकडे फिरवत तो काढला. आतल्या तुकड्याच्या मात्र मधोमध छिद्र पाडायचं होतं. ड्रिल केसभर सरकली असती तर माझी भिंत फुटली असती आणि मी भंगारात गेलो असतो. मी जीव मुठीत धरून होतो. गुणवंता आता घाई करत नव्हता. तो शेजारी बसून ड्रिलवर थेंब थेंब तेल सोडत होता. तिसऱ्या दिवशी शेवटचा तुकडा निघाला.

पाचव्या दिवशी मी विहिरीवर पुन्हा धडधडलो. पाणी आलं, पण उताराकडच्या चाळीस झाडांखाली हिरव्या फळांचा सडा पडला होता. दोघं नवराबायको वाकून ती फळं टोपल्यात भरत होती.

मित्रांनो, यंत्राला पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझी विनवणी वेगळी आहे. दुरुस्त करणारा विचारतो, तेव्हा खरं सांगा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. गुणवंता एक वाक्य वेळेवर बोलला असता, तर ती चाळीस झाडं आज भरलेली असती.