पूजेला बसलेलं मशीन

श्रीपतीने जुन्या सर्व्हरला कुंकवाचं बोट लावलं, झेंडूची माळ घातली. बटण मात्र दाबलं नाही. पंखा घरघरत राहिला.

"काका, बंद न्हाई केलं?" चहाचे कप गोळा करणाऱ्या पुष्पाबाईने विचारलं. "दरसाल तुम्हीच सांगता, खंडेनवमीला हत्याराला सुट्टी."

"यंदा चालूच पुजू."

"नव्या नवरीला भिऊन राह्यले का?"

नवी नवरी म्हणजे शेजारी यंदाच कामाला लागलेल्या इंजिनिअर नीलाने बसवलेला काळा सर्व्हर. जालन्याच्या या बियाणे कंपनीत सगळ्या कॉम्प्युटरांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं, पासवर्ड तपासायचं काम इतकी वर्षं श्रीपतीचं मशीन एकटंच करत होतं. महिनाभर चाचणी म्हणून दोन्ही मशीनं ते करत होती. यापुढे कुणी करायचं, ते नरहरसाहेब आज ठरवणार होते. नीला आल्यापासून साहेबांचा चहाही तिच्या टेबलाशी होई. श्रीपतीच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं.

साहेब नीलाला घेऊन आत आले. त्यांनी माळेकडे पाहिलं.

"आज पूजा ना? मग बंद करा की. नव्याला एकट्याला झेपतं का, तेही कळेल."

श्रीपतीने बटण दाबलं. पंखा थांबला. त्याने हॉलकडे कान लावला. कुणीतरी ओरडावं, चालंना म्हणावं. कुणी ओरडलं नाही. रब्बीच्या पावत्या छापत प्रिंटर करकरत राहिला.

"झालं तर. सगळं नव्यावर टाका. जुनं काढून टाकू."

"नको सर," नीला म्हणाली. "दोन्हींवर राहू द्या. उद्या माझं मशीन पूजेला बसेल, तेव्हा काम कोण करणार?"

साहेब हसले. "बरं, राहू द्या." आणि निघून गेले.

श्रीपतीचा चेहरा सैल झाला नाही.

"कीव करून राह्यल्या का मॅडम?"

"नाही काका." तिने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "तुम्ही राजूरच्या गणपतीला गेला होतात, त्या दिवशी माझं दुपारभर बंद पडलं होतं. सगळं तुमच्या मशीननं ओढलं. कुणालाच कळलं नाही."

"मला बी न्हाई सांगितलं?"

"तुम्हालाच सांगायचं नव्हतं."

श्रीपतीने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ती खाली पडलेल्या पाकळ्या वेचत होती.

"उद्या माझ्या मशीनच्या माळेला फुलं कुठं मिळतील, काका?"

"मी आणतो," तो म्हणाला. "पण नव्या नवरीला बारकीच मिळतील."