वजा केलेला आकडा

मी वजनकाटा बोलतोय. नवापूरच्या आरोग्य उपकेंद्रात कपाटामागे उभा आहे. माझे सेल कुणीतरी घड्याळात घातलेत. तरी बोलणार! जो तो उठतो आणि डॉक्टर हिमानींचे गोडवे गातो. ऐकून माझा जळफळाट होतो.

बाई लहान मुलांच्या डॉक्टर. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मला बोईसरच्या दुकानातून इथे आणलं. पण तान्ह्या पोराचं वजन करू देतंय कोण! "मासळी तोलायची, पोर नाय तोलायचं. नजर लागते," जमनानं पहिल्याच दिवशी बजावलं. ती सुकी मासळी विकायची. तिचं तीन महिन्यांचं पोर म्हणजे नुसती हाडं.

बाई भांडल्या नाहीत. "बरं, माझं वजन कर. पोर फक्त माझ्या कडेवर दे." आधी पोराला घेऊन माझ्यावर चढल्या, मग एकट्या. वहीत दोन्ही आकडे शेजारशेजारच्या रकान्यांत लिहिले, शेवटच्या रकान्यात वजाबाकी केली.

"नि तुमाला नजर लागली तर?" जमना हसली.

"लागू दे. चांगली अठ्ठावन्न किलोची आहे मी."

मग तारापूर ते सफाळे, गावोगाव तेच. शेकडो मुलांच्या वजनांवरून बाईंनी सिद्ध केलं, की आजार दिसण्याआधी वजन उतरतं. त्यांचा नियमच होता: सलग दोन महिने उतरलं, की तिसऱ्याची वाट बघायची नाही. लांबलांबचे डॉक्टर शिकायला यायचे. जमनाचं पोर आता आठवीत आहे, चांगलं आडदांड.

मागच्या वर्षी बाई एकट्या चढल्या, तेव्हा मी छप्पन्न दाखवले. पुढच्या महिन्यात चोपन्न. मग एकावन्न. बाई स्वतःच्या हाताने लिहायच्या, वजा करायच्या आणि मुलाचं वजन वाढलेलं पाहून खूश व्हायच्या. अहो, मला तोंड असतं तर बोंब मारली असती!

जमनानं एकदा त्यांचा हात धरला. "बाई, किती सुकल्या तुमी! पालघरला जाऊन दाखवा."

"जाईन गं. एवढी मुलांची यादी संपू दे."

पालघरला गेल्या तेव्हा एक्केचाळीस किलोच्या होत्या. पोटात गाठ होती, आणि फार उशीर झाला होता.

शोकसभेत बाईंच्या वह्या हार घालून टेबलावर मांडल्या. मोठमोठे साहेब शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून माना डोलवत होते. एवढे शिकलेले, पण मधल्या रकान्याकडे एकानं बघितलं असेल तर शपथ!

जमना पुढे आली. शाळा फारशी शिकलेली नाही, पण रोज मासळी तोलते, आकडे वाचते. तिचं बोट मधल्या रकान्यावरून खाली खाली गेलं. अठ्ठावन्न, छप्पन्न, चोपन्न, एकावन्न... ती रडायलाच लागली.

"ह्ये बाईंचं वजन हाय."

"हो, हो," साहेब समजावत म्हणाले. "ते बघायचं नसतं. ते वजा करायचं असतं."

मला खुशाल भंगारात घाला. पण त्याआधी कुणीतरी तो मधला रकाना एकदा मोठ्यानं वाचा.